तिळभर

अंबडला, गरवारे पॉइंटच्या मागच्या शेडमध्ये
आमचा फ्लॅटबेड प्रिंटर उभा आहे.
उभा कसला, पसरलेला:
डबल बेडच्या पलंगाएवढं लोखंडी टेबल,
त्यावरून डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि डोक्याच्या बगलेत सेन्सर,
करंगळीच्या नखाएवढा.
त्याची किंमत मला पाठ आहे.
पगारातून कापून घेतली होती,
तीन हप्त्यांत, कारण गामणेसाहेब
अगदीच काही वाईट नाहीत.

तेव्हा मी नवी होते.
टेबलावर प्लायवूडचे सहा बोर्ड. पाच सारखे.
सहावा रात्रभर ओल्या फरशीवर राहिलेला,
एका कोपऱ्यात फुगलेला.
मी सेन्सरला पहिला दाखवला.
त्याने पहिला मोजला.
त्याचं काही चुकलं नाही.
मग कट् –
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं,
आणि नंतर कितीतरी वेळ
शेडमध्ये फक्त व्हॅक्यूमची मोटर.

तेव्हापासून टेबल आधी पुसते,
मग हात फिरवते, मग माल ठेवते.
सगळ्यात उंच नग आधी. तोच सेन्सरखाली,
बुटक्यांचं नंतर बघू.
व्हर्नियर एकदा मधे, चारदा कोपऱ्यांवर.
कोपरा उचलला तर चिकटपट्टी.
माल चकचकीत असला तर मापाच्या जागी
खाकी टेपचा तुकडा,
कारण पितळेत सेन्सरला स्वतःचाच उजेड दिसतो
आणि तो भलताच आकडा सांगतो.
वर दोन मिलिमीटर हवा मोकळी.
साहेब म्हणतात एक ठेव, अक्षर पसरतं.
मी म्हणते, पसरू दे थोडं.

एप्रिलात तांबट आळीतून रंगनाथ वडनेरे आले.
रिक्षातून उतरवलेलं पोतं,
पोत्यात बावीस पितळी पाट्या,
इंदिरानगरच्या एका सोसायटीच्या दारांसाठी.
कड हाताने ठोकलेली, नावं आम्ही छापायची.
'थांबतो,' म्हणाले,
आणि स्टूल नको म्हणत
मशीनशेजारी उभेच राहिले.

मी मोजलं. मधे तीन पॉइंट एक.
कोपरे तीन पॉइंट एक, एक, दोन, एक.
सतरावी पाटी ठेवताना
त्यांनी अंगठा पुढे केला,
नख कधीचं काळं पडलेलं,
आणि कडेवरून नुसता ओढला,
पोळीवर तूप लावतात तसा.
'इथं चढलंय.'
मला काही दिसेना.
'तिळभर,' म्हणाले.

दोन कोपऱ्यांच्या बरोबर मधे, जिथे
मी कधीच व्हर्नियर लावला नव्हता:
पाच पॉइंट चार.
माझी दोन मिलिमीटर हवा
संपून वर शिल्लक उरत होती.

मी पाटी बाजूला ठेवायला निघाले.
त्यांनी पिशवीतून लाकडी मोगरी काढली,
फरशीवर बसले, पाटी पालथी घातली,
दोन ठोके दिले. दुसरा पहिल्याहून हलका.
तीन पॉइंट दोन.
'आमच्यात पोराला,' ते गुडघ्यावर हात टेकत उठले,
'तीन वर्षं नुसतं चोळायला बसवत.
हत्याराला हात नाही लावू द्यायचे.'

मग म्हणाले, दाखव ना, कुठंय तो तुझा.
मी डोकं बाजूला घेतलं, टॉर्च धरला.
हात लावू नका, म्हटलं. उगीच म्हटलं,
कारण त्यांनी ते आधीच पाठीमागे बांधले होते,
आणि वाकून बघत होते,
दुसऱ्याचं तान्हं बघतात तसं, श्वास जरा आवरून.
'एवढासाच?'
'एवढासाच.'
'आणि याला लागलं तर?'
'मला लागतं,' मी म्हटलं.
ते हसले नाहीत. मान हलवली.

बाविसावी पाटी साडेसातला निघाली.
शाई सुकलेली असूनही
त्यांनी प्रत्येक नावावर फुंकर मारली,
बोरस्ते, गांगुर्डे, कोठुळे, फडोळ,
आणि पोतं पुन्हा भरलं, मधे वर्तमानपत्र घालत.
मोबदल्याचं बिल साहेबांनी केलं.
सतराव्या पाटीच्या दोन ठोक्यांचा
त्यात कुठे उल्लेख नव्हता.

आता मी चार नाही, आठ ठिकाणी मोजते.
त्याआधी हातमोजा काढून अंगठा फिरवते.
अजून काही कळत नाही त्याला.
परवा ॲक्रिलिकने चिरला,
तेवढी एक धार कळली.